टाकीत हजारो, वंश एकच

मे महिन्यातल्या एका सकाळी साडेसहाला फोन वाजला. "सर, सारे मेले. एका रातीत."

फोनवर माझा जुना विद्यार्थी होता. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केल्यावर नोकरीच्या मागे न लागता त्याने रावेर तालुक्यातल्या आपल्या गावी, घराच्या गच्चीवर रंगीत माशांची पैदास सुरू केली. सिमेंटच्या सहा टाक्या. पाचांत गप्पी, मॉली आणि फायटर, सहावीत त्यांच्या पिल्लांचं जिवंत खाद्य. मेलं होतं ते हे खाद्य. पण फायटरची चार दिवसांची पिल्लं कोरडी भुकटी खात नाहीत, हलणारं काही दिसलं तरच तोंड उघडतात. त्यामुळे सहावी टाकी मेली की आठवड्याभरात बाकीच्या टाक्याही ओस पडतात. मागच्या मे महिन्यातही असंच झालं होतं. तेव्हा त्याने ते उन्हावर ढकललं. यंदा दुसऱ्यांदा झाल्यावर मला फोन केला.

हे खाद्य म्हणजे मोयना. पाणपिसवांचाच एक प्रकार, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. खऱ्या पिसवांशी त्यांचा काही संबंध नाही. खेकडा आणि कोळंबी ज्या कवचधारी गटातले, त्याच गटातला हा जीव. पाण्यात झटके देत उड्या मारल्यासारखा पोहतो, म्हणून पिसू. डॅफनिया हा त्याचा जास्त प्रसिद्ध चुलतभाऊ, पण आपल्याकडच्या उष्ण, गढूळ पाण्यात मोयना जास्त रमते.

त्याच्या आईला ही टाकी पहिल्यापासून नको होती, आणि त्याला कारण होतं. त्यांच्या माहेरच्या गावी कुणाच्या तरी पायातून नारू, म्हणजे अंगात वाढणारा लांब जंत, काडीवर गुंडाळून काढलेला त्यांनी लहानपणी पाहिला होता. तळ्यातले बारीक किडे म्हणजे नारू, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं. भीती खरी, पण आरोपी चुकलेला. नारू पसरवायचा तो सायक्लॉप्स, तो वेगळ्या गटातला प्राणी. जुन्या इंग्रजी पुस्तकांनी त्यालाही कधीकधी 'वॉटर फ्ली' म्हटल्यामुळे हा घोळ झाला. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. हे सगळं सांगून झाल्यावर काकू म्हणाल्या, "असू द्या, पण पाणी गाळूनच प्यायचं." त्यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

संशयित तीन

गच्चीवर गेलो तेव्हा पाणी फिकट हिरवट होतं आणि तळाशी पांढुरका थर साचलेला, म्हणजे मेलेल्या मोयनांची कवचं.

पहिला संशय यीस्टवर. मोयनाला बेकरीचं यीस्ट पाण्यात कालवून देतात. जास्त पडलं की पाणी नासतं आणि प्राणवायू संपतो. पण तसा प्राणवायू हळूहळू कमी होत गेला असता, तर पाणपिसवा आधी लाल झाल्या असत्या. कमी प्राणवायूत त्या अंगात हिमोग्लोबिन वाढवतात आणि टाकीचा रंग गुलाबीसर दिसू लागतो. मुलगा नजरेचा पक्का आहे. रंग बदलला नव्हता, असं त्याने ठामपणे सांगितलं.

दुसरा संशय उन्हावर. रावेर-यावल पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. टाकीवर हिरवी जाळी होती, पण गच्चीचा स्लॅब रात्रीही तापलेलाच. ऊन हे कारण असणार यात शंका नव्हती. मला खटकत होतं ते दुसरंच. उन्हाने मेल्या तर सगळ्याच कशा मेल्या? हजारो जीव, आणि एकही चिवट निघाला नाही? गावात साथ आली तरी चार घरं सुटतात.

तिसरा संशय रोगाचा. पाणपिसवांनाही बुरशी, जिवाणू, परजीवी होतात. १८८४ मध्ये मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने पाणपिसूच्या पारदर्शक अंगात शिरलेल्या यीस्टसारख्या परजीवीवर तिच्या पेशी तुटून पडताना पाहिल्या, आणि शरीराच्या पेशी रोगजंतू गिळतात या त्याच्या सिद्धांताला तिथे मोठा आधार मिळाला. आमच्या भिंगाखाली मात्र संशयास्पद काही दिसलं नाही. आणि समजा रोग असता, तरी प्रश्न तोच राहिला असता. एकही का वाचली नाही?

एकाच आईची लेकरं

टाकीचा इतिहास विचारला. दोन वर्षांपूर्वी भुसावळच्या एका दुकानातून त्याने मोयनाची पिशवी आणली होती. दुपारच्या एसटीत पिशवी तापली आणि बहुतेक मेल्या. ज्या काही मोजक्या उरल्या त्यांच्यावर टाकी उभी राहिली. पहिल्या मे महिन्यात टाकी गेली, तेव्हा स्वयंपाकघरात माठाशेजारी ठेवलेल्या एका बरणीतून त्याने ती पुन्हा भरली. त्या बरणीत त्याने मुद्दाम एकच मादी सोडली होती. "एकीच्या किती होतात ते पाहायचं होतं, सर."

खूप होतात. मोयनाची मादी चार-पाच दिवसांत वयात येते आणि नराशिवाय पिल्लं देत राहते. पाणी चांगलं आणि खाद्य भरपूर असेल तोवर सगळ्या मुलीच जन्मतात, आणि प्रत्येक मुलगी जनुकांच्या हिशेबाने आईची नक्कल असते. महिन्याभरात एकीच्या हजारो होतात. वरून बघणाऱ्याला टाकी खच्चून भरलेली दिसते. आनुवंशिकतेच्या हिशेबात तिथे एकच व्यक्ती राहत असते.

मुलाचे वडील बाजूला खाटेवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "म्हंजे आपली जी-नाईनच झाली ना मंग."

अगदी तेच. ग्रँड नैन केळीची टिश्यू कल्चरची रोपं म्हणजे एकाच झाडाच्या नकला. सगळी बाग एकदम निसवते, घड एका मापाचे येतात, व्यापाऱ्याला सोपं जातं. आणि सीएमव्ही हा विषाणू बागेत शिरला की कुठलं झाड टिकेल हा प्रश्नच उरत नाही, कारण मुळात झाडं वेगळी नसतात. वर्गात तीस वर्षं मी हे फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं. आबांनी ते खाटेवरून एका वाक्यात सांगितलं.

काळे दाणे

टाकीच्या तळाची मी विशेष चौकशी केली. मुलगा शिस्तीचा. दर रविवारी नळी लावून तळाचा गाळ काढून टाकतो. त्यात काळे दाणे दिसतात का, असं विचारल्यावर म्हणाला, "सुरुवातीला असायचे. तीळ कुटल्यासारखे. घाण म्हणून फेकायचो. नंतर यायचेच बंद झाले."

खरा घाव इथे बसला होता.

गर्दी झाली, अन्न कमी पडलं किंवा ऋतू पालटला की पाणपिसवांच्या माद्या नर जन्माला घालतात. नर की मादी हे इथे परिस्थिती ठरवते. मग काही माद्या वेगळ्या प्रकारची अंडी तयार करतात आणि त्यांना नर लागतो. फलित झालेली ही अंडी आईच्या पाठीवरच्या जाड, काळपट कवचात बंद होतात. कवचाचा आकार घोड्याच्या खोगिरासारखा, म्हणून त्याचं शास्त्रीय नाव खोगिरावरच्या ग्रीक शब्दावरून पडलं. डॅफनियाच्या खोगिरात साधारण दोन अंडी असतात, मोयनाच्या काही जातींत एकच. आई कात टाकते तेव्हा खोगीर सुटून तळाशी जातं किंवा तरंगत काठाला लागतं. पाणी आटो, माती भेगाळो, आतलं अंडं थांबतं. वर्षं, कधी दशकंसुद्धा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका सरोवराच्या गाळातून काढलेली सुमारे ७०० वर्षं जुनी अंडी उबवून त्यातून जिवंत डॅफनिया मिळाल्या आहेत. हे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं.

आता रविवारच्या नळीकडे पाहा. खोगिरं करणाऱ्या माद्यांची संतती दर आठवड्याला मोरीत जात होती. खोगिरं न करता नुसत्या नकला काढत राहणाऱ्या टाकीत उरत होत्या. मुलाला वाटत होतं तो सफाई करतोय. प्रत्यक्षात तो निवड करत होता, आणि निवड बिनलग्नाच्या वंशाची होत होती. टाकी जितकी स्वच्छ झाली, तितका तिचा पुढचा आधार गेला.

बरं, दाणे ठेवले असते तरी एकाच मादीपासून सुरू झालेल्या टाकीत फार फायदा नव्हता. तिथले नरही त्याच वंशाचे, म्हणजे तिचेच मुलगे, जनुकं तीच. त्यांचं मीलन म्हणजे स्वतःशीच लग्न. सगोत्र चालत नाही म्हणणाऱ्या समाजात हे समजावणं सोपं जातं. अशा अंड्यांतून निघालेली पिल्लं अनेकदा कमजोर असतात, हे डॅफनियावरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

पहिला उपाय फसला

ऑक्टोबरात आम्ही हतनूर धरणाच्या फुगवट्यावर गेलो. तापी आणि पूर्णेच्या संगमाजवळ, चांगदेवच्या बाजूला. बारीक नायलॉनच्या जाळीने पाणी गाळलं आणि बाटल्या भरून आणल्या. काही मोयना वेगवेगळ्या ग्लासांत एकेकट्या ठेवल्या, बाकीच्या मुलाने बरणीतून पुन्हा भरलेल्या टाकीत ओतल्या. आता मिश्रण झालं, काम झालं, असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं.

जानेवारीत तपासणी केली. जनुकं वाचायची सोय आमच्याकडे नव्हती, म्हणून उन्हाचीच परीक्षा घेतली. एका ग्लासात एक मादी, तिच्या संततीतून दुसऱ्या ग्लासात एक, अशा तीन पिढ्या सारख्याच पाण्यावर आणि सारख्याच खाद्यावर काढल्या. तीन पिढ्या यासाठी की आईने सोसलेल्या उपासाचा किंवा तापाचा परिणाम मुलींवरही दिसतो. तो धुऊन निघाल्याशिवाय जे दिसेल ते वंशाचं म्हणता येत नाही. मग ग्लास पातेल्यातल्या पाण्यात ठेवून पाणी हळूहळू तापवायचं आणि कितव्या अंशाला पिसू पोहणं सोडून तळाशी बसते ते लिहायचं. बसली की लगेच गार पाण्यात. बहुतेक सावरतात.

तीन गट होते: माठाशेजारच्या बरणीतला जुना वंश, फुगवट्यातून आणून ग्लासांत वेगळ्या ठेवलेल्या, आणि टाकीतल्या 'मिश्रण' झालेल्या. फुगवट्याच्या माद्यांच्या वंशांत फरक दिसला. कुणी लवकर बसली, कुणी उशिरा. बरणीच्या सगळ्या जवळजवळ एकाच वेळी बसल्या. आणि टाकीतल्याही सगळ्या त्यांच्यासोबतच.

म्हणजे तीन महिन्यांत पाहुण्या नाहीशा झाल्या होत्या. पातेल्यातली परीक्षा हा पक्का पुरावा नाही हे मान्य. पण बेल्जियमच्या ल्यूक द मेस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेली मक्तेदारीची कल्पना इथे तंतोतंत बसत होती. बदकांच्या पिसांना चिकटून, त्यांच्या पोटातून, मासेमारांच्या जाळ्यांतून खोगिरं तळ्यातळ्यांत सहज फिरतात. मग शेजारशेजारच्या तळ्यांतल्या पाणपिसवा जनुकांनी एकसारख्या व्हायला हव्यात. पण तपासलं की त्या बऱ्याचदा एकमेकींपासून खूप वेगळ्या निघतात. याचं उत्तर असं, की तळ्यात आधी पोहोचलेल्या भराभर वाढतात, त्या पाण्याला सरावतात, तळाशी अंड्यांचा साठा करून ठेवतात. नंतर आलेल्या चार पाहुण्यांना त्या गर्दीत जागा मिळत नाही. गच्चीवरच्या यीस्टच्या पाण्यावर दोन वर्षं पोसलेल्या हजारोंच्या पंगतीत हतनूरच्या शंभरएक उपाशी बसल्या, इतकंच.

दुसरा उपाय: गाळ

पुढच्या एप्रिलमध्ये मी मुलाला सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाझर तलावावर नेलं. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर असे तलाव खोदले गेले, त्याच घडणीचा हा. होळीनंतर तो कोरडा ठणठणीत पडतो. मुलगा भेगाळलेल्या जमिनीकडे पाहत म्हणाला, "सर, इथं कायले आलो? पाणी तं नाही."

आटणारं तळं गरीब आणि बारमाही तळं श्रीमंत, हा आपला सरळ हिशेब. पाणपिसवांच्या बाबतीत तो उलटा पडू शकतो. कॅनडाचे पॉल हिबर्ट यांनी १९७० च्या दशकात इंग्लंडमधल्या डॅफनियांची विकरं तपासून हे दाखवलं. हेच हिबर्ट पुढे २००३ मध्ये डीएनए बारकोडिंगमुळे जगभर माहीत झाले. जी तळी दरवर्षी आटतात, तिथे सगळ्यांना वर्षातून एकदा तरी नर-मादीच्या वाटेने जावंच लागतं, नाहीतर पुढचं वर्ष दिसत नाही. पाणी आलं की प्रत्येक अंड्यातून नवा मेळ घेऊन नवी मादी निघते. पत्ते दरवर्षी नव्याने पिसले जातात. बारमाही पाण्यात ही सक्ती नसते. तिथे वंश एकमेकांशी झुंजत राहतात, कमजोर गळत जातात आणि शेवटी थोडेच वंश सगळं पाणी व्यापून बसतात. मोठ्या धरणांत अर्थात गाळातला साठाही मोठा असतो, त्यामुळे सगळंच बारमाही पाणी कंगाल असं म्हणता येणार नाही.

आम्ही तलावाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून वरचा बोटभर सुका गाळ खरवडून घेतला. जुनी टाकी पूर्ण रिकामी केली, घासली, आठवडाभर उन्हात सुकवली. मक्तेदार काढल्याशिवाय नव्यांना जागा मिळणार नव्हती. मग शिळवलेलं पाणी भरून त्यात गाळ सोडला.

काही दिवसांत हालचाल दिसली. सगळी अंडी एकदम फुटली नाहीत, आणि तेही नेहमीचंच आहे. इथला कापूसवाला पावसाच्या भरवशावर धूळपेरणी करतो तेव्हा सगळं बियाणं एकदम मातीत टाकत नाही, थोडं राखून ठेवतो. खोगिरातल्या अंड्यांचंही तसंच. काही पहिल्या पाण्याला उठतात, काही पुढच्या, काही त्याच्याही पुढच्या. पहिला पाऊस दगा देऊन गेला तरी वंश बुडत नाही.

त्या मे महिन्यात एका दुपारी टाकीच्या तळाशी पुन्हा पांढरा थर दिसला. मुलाने फोन केला, पण या वेळी आवाज वेगळा होता. "अर्ध्याहून जास्त गेल्या सर. पण हालताहेत." दहा दिवसांत टाकी पुन्हा भरली. ज्या उरल्या त्यांच्यापासून भरली, म्हणजे ती आधीसारखी राहिली नव्हती. इंग्लंडमधल्या फेलब्रिग हॉलच्या तळ्यातून जुन्या आणि नव्या थरांतली अंडी उबवून संशोधकांनी २०१५ मध्ये असंच काहीसं दाखवलं. सुमारे ४० वर्षांच्या अंतराने, अलीकडच्या डॅफनिया जुन्यांपेक्षा जास्त उष्णता सोसतात. निवडायला काही असलं तरच निवड होते. आमच्या जुन्या टाकीत निवडायला काहीच नव्हतं.

आडवे येणारे प्रश्न

इथवर ऐकून मुलाने निष्कर्ष काढला, की एकच वंश म्हणजे मरणच. मी त्याला केनियाच्या नैवाशा सरोवराची गोष्ट सांगितली. तिथे अमेरिकेतून आणलेल्या माशांसोबत विसाव्या शतकात एक अमेरिकी पाणपिसू पोहोचली असावी. ती बिनलग्नाचीच, एकाच क्लोनची. तिने स्थानिक जातीला हुसकावलं आणि आफ्रिकेत दूरवर पसरली. २००६ मध्ये गाळाचे थर वाचून हे उलगडलं. एक वंशही जिंकतो. फक्त त्याच्यासाठी जमून आलेली परिस्थिती बदलली तर त्याच्याकडे दुसरा पत्ता नसतो, आणि गच्चीवरचा मे महिना परिस्थिती बदलतोच.

याच गोष्टीमुळे मी त्याचा पुढचा बेतही अडवला. त्याला तोरणमाळच्या यशवंत तलावातून मोयना आणून पाझर तलावात सोडायच्या होत्या, 'वैविध्य वाढवायला'. गच्चीवरच्या टाकीत काय वाटेल ते कर, ती तुझी आहे. तलावात काही सोडायचं नाही. १००० मीटरहून उंच, थंड पाण्यातला वंश इथल्या उन्हात बहुधा टिकणार नाही, आणि टिकलाच तर कुणाच्या जागेवर टिकेल हे आपल्याला कळणार नाही. तो थोडा नाराज झाला.

बारकोडिंगबद्दलही त्याने विचारलं. नमुने पाठवले तर पैसे किती लागतील वगैरे. मायटोकाँड्रियातल्या एका जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचून जात ओळखतात. आपली मोयना नक्की कोणती, हे त्यातून कळेल, आणि भारतात एकाच नावाखाली वावरणाऱ्या पाणपिसवांत एकाहून जास्त जाती लपलेल्या असू शकतात, त्यामुळे ते करण्यासारखं आहेच. पण टाकीत किती वंश आहेत ते त्यातून कळणार नाही. हा तुकडा फक्त आईकडून येतो आणि एका तळ्यातल्या वेगवेगळ्या वंशांत तो बहुतेकदा सारखाच निघतो. वंश मोजायचे तर केंद्रकातल्या डीएनएवरच्या अनेक खुणा एकदम वाचाव्या लागतात. त्याला प्रयोगशाळा हवी आणि पैसाही. तोवर पातेलं आहे.

सध्या

रविवारची नळी अजून चालते, पण गाळ आता मोरीत जात नाही. काकूंनी लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या दिल्या. त्यात सुकवलेले काळे दाणे आहेत, वर महिना आणि टाकीचा नंबर लिहिलेला. नारूचं काय, असं काकू अजूनही मधूनमधून विचारतात.

पाझर तलावाची बातमी मात्र वेगळी आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत त्याचा नंबर लागला आहे. केळीला तो गाळ सोन्यासारखा, आबांनीही चार ट्रॉल्या सांगून ठेवल्या आहेत. त्या गाळाच्या वरच्याच थरात उबवण्याजोगी बहुतेक अंडी असतात. ती केळीच्या वाफ्यात जाऊन पडतील. जेसीबी येण्याआधी मुलगा दोन पोती घेऊन पहाटे तलावावर जाऊन आला. एक पोतं गच्चीवर आलं. दुसरं त्याने तलावाच्या वरच्या टोकाला, जेसीबी पोहोचणार नाही अशा बाभळीखाली रिकामं केलं. पाऊस चांगला झाला की पाणी तिथवर येतं.